कमलाताई एकशे चाळीस, श्रीरंगराव नव्वद

आमच्या यांच्याकडे कॉम्प्युटरच्या कुठल्याही दुखण्यावर एकच औषध असतं, रिफ्रेश. पडद्यावर माउसचं उजवं बटण दाबायचं, रिफ्रेश करायचं, आणि तेही एकदा नाही, मन भरेपर्यंत. प्रिंटरमध्ये कागद अडकला, रिफ्रेश. आवाज येईना, रिफ्रेश. परवा लाइट गेली तरी हे आपले काळ्या पडद्यासमोर बसून बटण दाबतायत! मी म्हटलं, "अहो, वीज गेलीय." तर म्हणतात, "माहिताय गं. आल्यावर लगेच तयार असावं."

यांचं नाव चंद्रकांत. जन्म बेंगळुरूचा, नोकरी इथल्याच एका सरकारी कारखान्यात इंजिनिअरची, आणि घर बनशंकरीत. लग्न होऊन मी, शुभदा, सांगलीहून आले तेव्हापासून तेच घर. निवृत्त झाल्यावर माणसं बागकाम करतात, यात्रेला जातात. यांनी कॉम्प्युटर घेतला आणि आमच्या गल्लीचे वैद्य झाले. "अण्णा, फोन स्लो आयतू," म्हणजे मंद झाला, असं म्हणत कोणीही दारात यावं, हे चष्मा पुसत पुढे.

खोटं कशाला बोलू, निम्मी औषधं लागू पडतात. समोरच्या शिवलीला अक्कांचा फोन इतका मंदावला होता की त्या नंबर दाबायच्या आणि भाजी चिरायला बसायच्या. यांनी उघडून बघितलं, तर आत चार वर्षांची गुड मॉर्निंगची फुलं, देव आणि उगवते सूर्य साठलेले. ते सगळं काढून टाकलं, फोन एकदा पूर्ण बंद करून चालू केला, आणि फोन पळायला लागला. अक्कांनी डबाभर चित्रान्न, म्हणजे इथला लिंबाचा भात, पाठवला. पण उरलेली निम्मी औषधं विचारू नका! दसऱ्यात आयुधपूजेला यांनी कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहिलं, ते नेमकं कॅमेऱ्याच्या भिंगावर. संध्याकाळी पुण्याहून नातवाचा व्हिडिओ कॉल आला, तर पोरगं भोकाड पसरून रडायला लागलं, "आजोबा लाल झाले!"

माणूस लाखात एक आहे, पण एक खोट आहे. यांना 'नाही' म्हणता येत नाही. कोणी काहीही सांगो, हे म्हणणार "सरी, सरी". म्हणजे बरं, बरं. भांडण नको, कोणाचं मन दुखवायला नको. आमच्या घरात 'नाही' म्हणायचं खातं पहिल्यापासून माझ्याकडे. आणि याच सरी-सरीने आमच्या मंडळाची वेबसाईट बुडवली.

आमचं स्नेहवर्धिनी मंडळ, म्हणजे बनशंकरीतल्या मराठी माणसांचं. त्याची वेबसाईट यांनी स्वतः शिकून, खपून तयार केली. सुरुवातीला चांगली सुटसुटीत होती हो. पत्ता, फोन, कार्यक्रम, संपलं. मग अध्यक्ष श्रीरंगराव म्हणाले, "चंद्रकांत, पहिल्या पानावर अध्यक्षांचा फोटो पाहिजे." सरी. माजी अध्यक्ष कमलाताई म्हणाल्या, "आजी अध्यक्ष आहेत, मग माजींनी काय पाप केलंय?" सरी. मग उपाध्यक्ष आले, खजिनदार आले, मागच्या समित्यांचे लोक आले. अकरा जण उभे राहिले पहिल्या पानावर, लग्नात स्टेजवर असतात तसे. गणपतीत कोणी म्हणालं फुलं पडली पाहिजेत, तर वरून झेंडूची फुलं पडायला लागली. कमलाताईंना सनई हवी होती, तर पान उघडलं की सनई. गणपती गेले, फुलं आणि सनई राहिली.

मला काय करायचं होतं, म्हणून मी गप्प होते. पण जूनमध्ये ते माझ्याच अंगावर आलं.

दर शनिवारी सकाळी मी मंडळाच्या हॉलमध्ये मुलांना मराठी शिकवते. वीस-बावीस वर्षं झाली असतील. पुण्या-नागपूरहून नोकरीला आलेल्यांची मुलं. शाळेत इंग्रजी, खाली खेळताना कानडी, आणि मराठी फक्त आई रागावली की कानावर पडते. त्यामुळे बिचाऱ्यांना मराठीतला ओरडा तेवढा अचूक कळतो. त्यांना मी गोष्टी सांगते, गाणी म्हणायला लावते, आजीला चार ओळींचं पत्र लिहायला लावते. हा वर्ग म्हणजे माझा जीव आहे. हे मी कोणाला कधी बोलून दाखवलं नव्हतं.

तर जूनच्या बैठकीत श्रीरंगरावांनी जाहीर केलं, "शनिवारची सकाळ झुंबावाले मागतायत. नव्या वर्षासाठी मराठी वर्गाला वीस मुलं झाली तर वर्ग, नाही तर झुंबा. आणि नावं फक्त वेबसाईटवरून घ्यायची. कागद नको, फोन नको, सगळं ऑनलाइन!" मुदत पुढच्या महिन्यातल्या पहिल्या रविवारची, संध्याकाळच्या बैठकीपर्यंत. आणि शेजारी बसलेले आमचे हे काय म्हणाले असतील? बरोबर ओळखलंत.

मुदतीच्या आधीचा मंगळवार उजाडला तरी नावं नऊच. मला वाटलं, संपलं, लोकांना नकोच आहे मराठी. तेवढ्यात मुग्धाचा फोन आला. मुग्धा म्हणजे पुण्याहून नव्यानेच आलेली, आयटीत काम करणारी, पाच वर्षांच्या मुलीची आई.

"काकू, सॉरी टू से, पण तुमची साइट ओपनच होत नाही. मी कॅबमधून ट्राय केलं, घरून ट्राय केलं. शेवटी ऑफिसात ओपन झाली, तर भर मीटिंगमध्ये सनई वाजली! सगळी टीम मला काँग्रॅच्युलेशन्स म्हणायला लागली. माझं लग्न होऊन आठ वर्षं झालीत हो!"

मी फोन ठेवला आणि यांच्याकडे वळले. हे म्हणाले, "काहीतरीच! ही बघ." टिचकी मारली, आणि खरंच पान झटकन उघडलं. अकरा जण हजर, फुलं पडतायत, सनई चालू. "पोरीचा फोन बिघडला असेल. तिला म्हणावं रिफ्रेश कर."

बुधवारी संध्याकाळी मुग्धा घरीच आली. आल्या आल्या यांचा कॉम्प्युटर बघून म्हणाली, "काका, एवढे टॅब उघडे? हा तर हवामानाचा आहे, गेल्या वर्षीच्या पावसाचा!"

"असू दे, लागतो कधी कधी," हे म्हणाले.

"ते सगळे बसून मेमरी खातात, काका. लागेल तेवढे ठेवा, बाकीचे बंद. आणि तुमच्याकडे साइट झटकन उघडणारच. तुम्ही रोज उघडता, म्हणून फोटो या कॉम्प्युटरमध्ये आधीच साठवलेले आहेत. नव्या माणसाला मात्र सगळं पहिल्यापासून आणावं लागतं. आपली साइट नेहमी दुसऱ्याच्या फोनवर बघायची, वायफाय बंद करून."

तिने माझा फोन घेतला, वायफाय बंद केलं आणि साइट उघडली. पांढरा पडदा. आम्ही तिघं बघत बसलो. मी उठून चहा टाकला, उकळला, गाळून कप घेऊन आले, तेव्हा पडद्याच्या वरच्या टोकाला काहीतरी गुलाबी दिसायला लागलं.

"हे काय?" मुग्धाने विचारलं.

"श्रीरंगरावांचं कपाळ," हे म्हणाले.

कपाळ बराच वेळ चाललं. मग भुवया आल्या. चहा संपला तेव्हा कुठे नाकापर्यंत पोचलो होतो.

"आणि फॉर्म कुठंय काका?"

"सगळ्यांच्या खाली."

"म्हणजे पोरीचं नाव घालायला आधी या अकरा जणांना ओलांडून जायचं?" मुग्धाने कपाळावर हात मारला. "काका, फोटो दिसतो पोस्टकार्डाएवढा, पण तुम्ही चढवलाय भिंतीएवढा. फोन बिचारा आख्खी भिंत वाहून आणतो. आधी फोटो जेवढा दिसायला हवा तेवढा लहान करायचा, मग चढवायचा. फॉर्म सगळ्यात वर. फुलं बंद. सनई कोणी बटण दाबलं तरच. आणि खालचे फोटो माणूस खाली आला तरच उघडायचे. एवढं केलं ना, तरी पळेल."

हे सगळ्याला मान डोलवत होते, पण एका गोष्टीवर अडून बसले. "एकही फोटो काढायचा नाही. मानाचा प्रश्न आहे."

"काढू नका हो, नुसता लहान करा. दिसायला तसाच दिसतो." जाता जाता ती म्हणाली, "आणि काका, ते रिफ्रेश... त्याने कॉम्प्युटर फास्ट होत नाही. पडद्यावरची चित्रं तेवढी परत काढतो तो."

यांचा चेहरा एवढासा झाला. "मग इतकी वर्षं मी जे केलं ते?"

"बोटाला व्यायाम झाला," मी म्हटलं.

रात्री जेवण होईपर्यंत यांनी सगळे फोटो लहान केले. मी दोन्ही चष्मे लावून बघितलं, तसूभर फरक दिसला नाही. गुरुवारी सकाळी मी फोनवर साइट उघडली, आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत फॉर्म समोर! दुपारपर्यंत नावं नवावरून तेरावर गेली. मी आनंदाने शिरा केला, तूप हात न आखडता घातलं.

तो शिरा खाऊन हे उठले आणि यांनी परिपत्रक काढलं.

हो, परिपत्रक! सरकारी कारखान्यात साधा बल्ब इकडचा तिकडे केला तरी सर्व संबंधितांना लेखी कळवावं लागायचं. ती सवय हाडांत मुरलेली. मंडळाच्या ग्रुपवर यांनी टाकलं: "सर्व संबंधितांस कळविण्यात येते की मुखपृष्ठावरील छायाचित्रांचा आकार पुढीलप्रमाणे कमी करण्यात आला आहे. श्रीरंगराव, आठ एमबीवरून नव्वद केबी. कमलाताई, सात एमबीवरून एकशे चाळीस केबी..." असे अकराच्या अकरा. कोणी विचारलं होतं का यांना? कोणाला पत्ताही लागला नसता!

पाच मिनिटांत श्रीरंगरावांचा फोन. यांना स्पीकर बंद करता येत नाही, म्हणून मी सगळं ऐकलं.

"चंद्रकांत, मी अध्यक्ष. मला नव्वद. कमलाबाई माजी. त्यांना एकशे चाळीस. हे कुठलं गणित?"

"विचारून सांगतो साहेब," असं म्हणून यांनी मुग्धाला फोन लावला. ती म्हणाली, "काका, फोटोत बारीक नक्षी जास्त असेल तर केबी जास्त लागतात. कमलाताईंची जरीची साडी, मागे रांगोळी, तोरण. श्रीरंगकाकांचा पांढरा शर्ट, मागे पांढरी भिंत, आणि, म्हणजे, डोक्यावरही काही नाही. साठवायला फारसं काही नाहीच त्यात."

आता हे आपल्या शब्दांत सांगायचं की नाही? पण सत्य दडवायची यांना सवय नाही. हे श्रीरंगरावांना म्हणाले, "साहेब, तांत्रिक कारण असं आहे की आपल्या फोटोत सपाट भाग जास्त आहे."

"सपाट?" श्रीरंगराव म्हणाले.

मी देवापुढे जाऊन बसले.

मग जे सुरू झालं! कमलाताई तासभर खुशीत होत्या, मग त्यांच्या लक्षात आलं की मुळात त्यांना सात आणि श्रीरंगरावांना आठ दिले होते, तेव्हा हा अन्याय जुनाच आहे. उपाध्यक्ष म्हणाले, माझे केबी खजिनदारांपेक्षा कमी असतील तर मी पद सोडतो. केबी म्हणजे काय हे त्यातल्या एकालाही माहीत नव्हतं, पण आपले कमी आहेत हे सगळ्यांना कळलं होतं. संध्याकाळी अध्यक्षांचा हुकूम आला, सगळे फोटो मूळ वजनाचे करा आणि पान पहिल्यासारखं लावा.

सरी.

शुक्रवारी सकाळी माझ्या फोनवर परत ते कपाळ उगवायला लागलं. नावं तेरावर थांबली ती थांबली.

मी अशी भांडले, अशी भांडले की शिवलीला अक्कांनी खिडकी लावून घेतली. "माझा वर्ग चाललाय, आणि तुम्ही त्या टकलाचं वजन सांभाळताय?"

"अगं, मानाची माणसं आहेत. इतक्या वर्षांचे संबंध..."

"आणि माझ्याशी किती वर्षांचे आहेत?"

हे उठून कॉम्प्युटरपुढे जाऊन बसले. मी बोलणं टाकलं. चहा पुढ्यात आदळायचा, ताट सरकवायचं, बस. शनिवारी जुन्या मुलांचा शेवटचा वर्ग होता. जाताना एका पोराने विचारलं, "टीचर, नेक्स्ट सॅटरडेला काय आणायचं?" मी म्हटलं, "बघू हं." घरी येऊन न जेवता पडून राहिले.

रविवारी हे सकाळपासून कॉम्प्युटरला चिकटलेले. मध्येच कोणाशी तरी हळू आवाजात फोनवर बोलले. मी विचारलं नाही. मुद्दामच साइट उघडून बघितली नाही. तेराचा आकडा परत बघायची हिंमत नव्हती मला. संध्याकाळी रिक्षात आम्ही दोन टोकांना बसून हॉलवर गेलो.

समिती जमली होती. श्रीरंगरावांनी सपाटचा राग अजून नाकावर धरलेला. भिंतीवर पडदा लावला होता. "चला चंद्रकांत, उघडा साइट. काय आकडा आहे तो बघू आणि झुंबावाल्यांना कळवू."

यांनी टिचकी मारली. श्रीरंगरावांचं वाक्य संपायच्या आत पान उघडलं. स्वच्छ, पांढरं. ना फुलं, ना सनई. वरती मोठ्या अक्षरांत 'शनिवारचा मराठी वर्ग', त्याखाली फॉर्म, त्याखाली मंडळाचा पत्ता. आणि नोंदलेली नावं, चोवीस.

चोवीस! माझा विश्वासच बसेना. मी परत वाचलं, तरी चोवीसच. दाराशी उभी मुग्धा मला अंगठा दाखवत होती. सकाळी तो फोन तिलाच गेला होता, आणि तिने सगळ्या सोसायट्यांच्या ग्रुपवर टाकलं होतं की आता उघडते, बघा.

पण हॉलमध्ये आकड्याकडे कोणाचं लक्षच नव्हतं.

"माझा फोटो कुठंय?" श्रीरंगराव म्हणाले.

"माझाही नाही!" कमलाताई उठूनच उभ्या राहिल्या.

"कोणाचाच नाही," खजिनदार म्हणाले. ते जरा सुखावलेले वाटले.

"हे कोणी केलं? कोणाला विचारून?"

मला वाटलं, आता हे म्हणणार तांत्रिक बिघाड झाला. मी तर देवाला म्हटलं, काहीही सांगू दे रे, पण माझा वर्ग राहू दे. हे उभे राहिले. कान लालबुंद, हात खुर्चीच्या पाठीवर घट्ट धरलेला.

"मी केलं. कोणालाही विचारलं नाही. फोटो दुसऱ्या पानावर आहेत, सगळे मूळ वजनाचे. ज्यांना वेळ आहे त्यांनी तिथे बघावेत."

"ते आत्ताच्या आत्ता पहिल्या पानावर आणा."

"नाही," हे म्हणाले.

यांच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला. सगळ्यांनीच पहिल्यांदा ऐकला असावा, कारण सगळे माना वळवून यांच्याकडे बघायला लागले.

"मग साइट दुसऱ्या कोणाकडे तरी द्यावी लागेल," शेवटी श्रीरंगराव म्हणाले.

"द्या. मुग्धा बघेल म्हणालीय, मी तिला सकाळीच विचारलं. पण वीस सांगितले होते, चोवीस झालेत. तेवढा वर्ग झाला असं लिहून घ्या."

लिहून घ्यावंच लागलं. नियम त्यांचाच होता. झुंबाला संध्याकाळची वेळ मिळाली.

परत येताना आम्ही रिक्षा केली नाही, देवळाच्या रस्त्याने चालत निघालो. वर्ग मिळाला म्हणून मी नाचायला हवं होतं, पण मला या माणसाकडे बघून कसंतरी होत होतं. निवृत्तीनंतर रोज सकाळी उठून ज्या साइटपाशी बसायचे, ती यांनी एका दिवसात देऊन टाकली होती.

"अहो, कशाला पण असं केलंत?" मी म्हटलं. दोन दिवसांनी मी पहिल्यांदा बोलत होते. "फोटो परत लहान केले असते, मी समजावलं असतं त्यांना. साइट म्हणजे तुमचा जीव की प्राण."

यांनी रस्त्यातला एक खड्डा चुकवला. मग म्हणाले, "तू शनिवारी सकाळी साडी नेसताना गुणगुणतेस."

"मी? मी कशाला गुणगुणतेय?"

"गुणगुणतेस. दर शनिवारी. बाकीच्या दिवशी नाही. मी बाहेर पेपर धरून बसतो ना, तेव्हा ऐकू येतं." मग समोर बघतच म्हणाले, "काल शनिवार होता. काल काही ऐकू आलं नाही."

मी जागच्या जागी थांबले. मी गुणगुणते हे मला आजवर माहीत नव्हतं. आरशात बघून केस बांधते, पिन लावते, पण आपल्याच तोंडून गाणं येतंय हे कधी कळलं नव्हतं. आणि हा माणूस एवढी वर्षं पेपरमागे बसून ऐकत होता. एका शब्दाने कधी बोलला नाही!

"कुठलं गाणं म्हणते मी?" मी विचारलं.

"ते नाही सांगता येणार. तू कधी पुरं म्हणत नाहीस."

मला रडू आलं आणि हसूही आलं, दोन्ही एकदम, भर रस्त्यात. मी यांचा हात धरला. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण असा रस्त्यात कधी धरला नव्हता. हे बिचारे घाबरून इकडेतिकडे बघायला लागले, मंडळातलं कोणी येत नाही ना म्हणून.

"येऊ देत," मी म्हटलं, आणि घरापर्यंत हात सोडला नाही.